पेठेला दिलेला कौल



आषाढीच्या वाटेवर पुण्यात आपला दोन रात्री मुक्काम असतो. ज्ञानोबा माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात उतरते आणि तुकोबारायांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी. दिंड्या मग आजूबाजूला जागा मिळेल तिथे पथाऱ्या टाकतात. कोणी शाळेत, कोणी वखारीत, कोणी एखाद्या व्यापाऱ्याच्या दुकानाच्या फळीवर. त्या घरचा माणूस रात्री उशिरा पाण्याची कळशी आणून ठेवतो, पहाटे चहा देतो, आणि पुढच्या वर्षी तुम्ही आला नाहीत तर दिंडीतल्या दुसऱ्या कोणाजवळ तुमची चौकशीही करतो. या पेठा आपल्याला अशा ओळखीच्या आहेत.

आता त्यांच्या नावांकडे जरा पाहा. निवडुंग्या विठोबा हे नाव तिथल्या निवडुंगावरून पडले. भवानी पेठेला जुनी माणसे बोरवन म्हणत, कारण तिथे बोरींचे रान होते. म्हणजे आज जिथे हातगाडी वळवायला जागा नाही, तिथे एके काळी पाय ठेवायलाही भीती वाटावी असे काटेच काटे होते. रानाचा बाजार आपोआप होत नाही. आणि एकदा मोडलेला बाजार पुन्हा भरवणे तर त्याहून कठीण. आपल्या पूर्वजांनी ही दोन्ही कामे केली. ती कशी केली, याचा विचार आज मुद्दाम करावासा वाटतो, कारण आपल्या तालुक्या-तालुक्यांतल्या जुन्या बाजारपेठा सध्या ओस पडत आहेत आणि खुद्द पंढरीतही बाजाराचा प्रश्न दाराशी येऊन उभा आहे.

आरंभ देहूपासून करू.

तुकोबाराय वाणी होते हे आपण प्रत्येक कीर्तनात सांगतो. ते महाजन होते, हे मात्र सांगायचे राहून जाते. देहूच्या पेठेची महाजनकी त्यांच्या घराण्याकडे वतनाने चालत आली होती. महाजन म्हणजे नुसता मोठा माणूस नव्हे. गावाला जसे पाटील आणि कुलकर्णी, तसे पेठेला शेटे आणि महाजन. शेट्याने पेठ वसवायची, व्यापारी-उदमी बोलावून आणायचे, त्यांना जागा नेमून द्यायची. महाजनाने हिशेब ठेवायचा, मापे-वजने खरी आहेत की नाहीत ते पाहायचे, तंटा झाला तर चारचौघांत बसून तो तोडायचा. महजरावर पाटलाची निशाणी नांगर, तशी पेठेकडची निशाणी तागडी. या कामाबद्दल त्यांना हक्क असत. धान्याच्या गोणीमागे मूठभर फसकी, दुकानदारांकडून थोडा थोडा जिन्नस आणि सणावारी मानपान. बाजार चालला तर फसकी पडायची. बाजार मोडला की वतनाचा कागद तेवढा घरात उरायचा. म्हणून पेठ नांदती ठेवण्यात महाजनाचा स्वार्थ होता आणि पेठेचा परमार्थही त्यातच होता.

१६३० च्या आगेमागे दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला. तुकोबांच्या घरात त्याने काय केले ते तुम्ही जाणता. पत्नी गेली, मूल गेले, दिवाळे निघाले. पुढे त्यांनी कर्जाची खते इंद्रायणीत बुडवली, ही कथा महिपतीबाबांनी सांगितली आहे. खतांचे दोन वाटे केले. कान्होबांचा वाटा त्यांच्या हाती दिला आणि स्वतःच्या वाट्याची खते डोहात सोडली. आपण ही कथा वैराग्याच्या अंगाने लावतो, ती तशी लावायलाच हवी. पण मी आयुष्यभर कीर्तनाला उभा राहिलो, आणि ज्यांच्या नावची ती खते होती त्या कुणब्यांच्या बाजूने ही कथा लावून पाहिली म्हणजे मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते.

ज्याचे देणे थकले आहे तो माणूस बाजारात येत नाही. सावकाराच्या दुकानावरून जावे लागेल म्हणून तो ती आळीच टाळतो. मीठ घ्यायचे असले तर बायकोला पाठवतो, नाहीतर दुसऱ्या गावाच्या बाजाराला जातो. शंभर घरे अशी आळी टाळू लागली की दुष्काळ सरला तरी पेठ उठत नाही. तुकोबारायांच्या हातून जी खते पाण्यात गेली त्यांच्याबरोबर तेवढ्या घरांची ती लाजही गेली. पाऊस पडल्यावर ती माणसे मान वर करून पुन्हा देहूच्या बाजारात आली असतील, असे मी समजतो. शिवाय पाहा, भावाच्या वाट्याला त्यांनी हात लावला नाही. आपण सोडावे ते आपले, दुसऱ्याचे सोडण्याचा अधिकार आपल्याला नाही. पडक्या विठ्ठल मंदिराची डागडुजीही त्यांनी त्याच सुमारास हाती घेतली असे चरित्रात येते.

त्याच वर्षांत देहूहून एका दिवसाच्या चालीवर पुण्याची काय गत झाली होती ते ऐका.

पुणे काही नवे गाव नव्हते. आठव्या शतकातल्या राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत त्याचा उल्लेख सापडतो. मालोजीराजांपासून ते भोसल्यांच्या जहागिरीत होते. शहाजीराजांचे आणि आदिलशाहीचे वाकडे आले तेव्हा विजापूरच्या फौजेने, मुरार जगदेवाच्या हाताखाली, कसबे पुणे जाळले आणि पाडले. गाढवांचा नांगर फिरवला, लोखंडी पहार ठोकली, तुटकी वहाण लटकावली, असे बखरी सांगतात. त्याचा अर्थ इतकाच की येथे पुन्हा कोणी वस्ती करील तर त्याचे बरे होणार नाही. वरून दुष्काळ होताच. माणसे परागंदा झाली, शेतात झाडोरा माजला, लांडग्यांचा उपद्रव सुरू झाला.

१६३६ नंतर शहाजीराजे आदिलशाहीत गेले, जहागीर त्यांच्याकडे राहिली, आणि पुढे जिजाऊसाहेब बाल शिवाजीराजांना घेऊन पुण्यात आल्या. दादाजी कोंडदेव तेव्हा सुभ्याचा कारभार पाहत होते. लाल महाल उभा राहिला, कसब्याच्या गणपतीचे देऊळ झाले. सोन्याच्या नांगराची गोष्ट आपण मुलांना सांगतो. ती सांगावी, तिने पहारेची भीती मोडली. पण नांगर एक दिवस चालला. त्यानंतर वर्षानुवर्षे जे चालले त्याला कौल म्हणतात, आणि पुणे उठले ते त्याच्या बळावर.

कौल हा शब्द आपण किती ठिकाणी वापरतो पाहा. देवाला कौल लावतो, घरावर कौल घालतो, निवडणुकीत कौल देतो. जुन्या कारभारात कौल म्हणजे सरकारने रयतेला दिलेला लेखी शब्द. तुम्ही या, वस्ती करा, इतकी वर्षे तुमच्याकडून काही घेणार नाही, पुढे इतके इतके घेऊ, त्याहून जास्त मागणार नाही. शेतासाठी हा कौल इस्ताव्याचा असे. पहिल्या वर्षी अगदी थोडा सारा, दुसऱ्या वर्षी किंचित अधिक, असे चढत चढत काही वर्षांनी पूर्ण आकारावर यायचे. पेठेच्या कौलात जकात माफ, मोहतर्फा म्हणजे दुकानांवरचा आणि कारागिरांवरचा कर माफ, वेठबेगार माफ, घर बांधायला जागा, अशा बाबी असत. लांडगा मारून आणणाऱ्याला इनाम मिळे, हेही बखरकार नोंदवतो. मला ती बाब फार आवडते. वस्ती करा म्हणणाऱ्याने आधी लांडगे हटवायला नकोत का?

आता यात कोणाच्या खिशातून काय गेले ते बघू. सरकारने सोडले ते येणारे उत्पन्न. तिजोरीत तेव्हा चणचण होती, तरी सोडले. शेट्याने घातली ती आपली पत. गावोगाव फिरून ‘चला, मी जामीन आहे’ असे त्याने सांगितले म्हणून माणसे आली. व्यापाऱ्याने घातले ते भांडवल, दुकान त्याने स्वतःच्या पैशाने बांधले. कारागिराने घातले ते हात. देवळाने काय दिले? देवळाने माणसांचा ओघ दिला. चार वाटेकरी आपापला वाटा घेऊन आले, पण सर्वांत आधी मागे सरकला तो वसुलीचा हक्कदार, हे विसरू नये.

शिवाजीमहाराजांच्या राज्यात हीच रीत पुढे गेली. ५ सप्टेंबर १६७६ चे एक पत्र प्रसिद्ध आहे, प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेले. त्याचा आशय असा की गावोगाव फिर, कुणबी गोळा कर, ज्याला अंगबळ आहे पण बैल नाही, पोटाला दाणा नाही, त्याला बैल घेऊन दे, दाणा दे. मग ते वसूल करताना व्याज धरू नकोस, फक्त मुद्दल घे, आणि तेही त्याला ताकद येईल तसतसे घे. यासाठी दोन लाख लारीपर्यंत खर्च पडला तरी मान्य आहे, असे महाराज कळवतात. लारी म्हणजे कोकणात चालणारे त्या वेळचे चांदीचे नाणे. हे पत्र शेतीचे आहे, पेठेचे नाही, हे खरे. पण कुणब्याच्या हाती दाणा आल्याशिवाय पेठेत गिऱ्हाईक येणार कोठून? बाजार सुधारायचा म्हणजे फक्त बाजाराची आळी सुधारायची, ही समजूत तेव्हा नव्हती.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सावकारांविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे. व्यापारी हे राज्याचे भूषण आहे, त्यांना मानाने बोलवावे, पेठा वसवाव्यात, असा त्याचा रोख. तिथेच परदेशी टोपीकरांपासून सावध राहायलाही सांगितले आहे. पैसा आणणारा प्रत्येक जण वस्ती करायला आलेला नसतो, हे अमात्यांना पक्के ठाऊक होते.

पेशवाईत पुण्याच्या पेठा वाढल्या आणि त्यांना वारांची नावे मिळाली. मलकापूरची रविवार पेठ झाली, शहापूरची सोमवार, मुर्तजाबादची शनिवार. थोरल्या बाजीरावांच्या काळात शुक्रवार पेठ वसवण्याचे काम जिवाजीपंत खासगीवाल्यांकडे गेले. थोरल्या माधवरावांनी सदाशिव पेठ वसवली, पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने. उत्तर पेशवाईत नाना फडणिसांच्या काळी आपली नाना पेठ आणि भवानी पेठ आकाराला आल्या. या पूर्वेकडच्या पेठा मुख्यतः उदीम-व्यापाराच्या.

यात सरकारने मोठा पैसा कशात घातला ते बघण्यासारखे आहे. तो दुकाने बांधण्यात घातला नाही, पाण्यात घातला. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या चिरेबंदी नळातून पाणी शहरात आणले. ते ठिकठिकाणच्या हौदांत पडे आणि ज्याला लागेल तो भरून नेई. दुकान व्यापारी बांधू शकतो, कात्रजचे पाणी एकटा व्यापारी आणू शकत नाही. जे एकट्याच्या आवाक्याबाहेरचे तेवढे राज्याने करायचे, ही वाटणी त्यांना बरोबर साधली होती. (आजही पुण्यात जुने खोदकाम निघाले की तो नळ कुठेतरी दिसतो आणि वर्तमानपत्रात छायाचित्र येते. आपण कौतुक करतो आणि पुन्हा बुजवून टाकतो.)

हे सारे सांगताना जुने ते सगळे सोन्याचे, असा माझा आग्रह नाही. वतनाची एक खोड होती. पेठ बसवणाऱ्याने हक्क मिळवला, पण त्याच्या पणतूने काही न करता तोच हक्क ओढला, आणि मग भाऊबंदांचे तंटे चालले. जुन्या दप्तरांत शेटेपणाच्या भांडणांचे कागद किती तरी आहेत. दुसरे असे की पेठेत सर्वांना सारखी जागा नव्हती. ज्यांच्या हातच्या जोड्यावाचून बाजार एक पाऊल चालला नसता त्यांना वस्ती मात्र कडेला. आपल्या संतांनी वाळवंटात जे करून दाखवले ते पेठेच्या कौलात कधी उतरले नाही. ही उणीव उणीव म्हणूनच सांगितली पाहिजे.

आता नर्मदेकाठी महेश्वरला चला. अहिल्यामाईंनी १७६७ मध्ये कारभार हाती घेतला आणि महेश्वर ही आपली राजधानी केली. घाट बांधले, देवळे बांधली, हे सर्वांना माहीत आहे. पंढरीतला होळकर वाडाही आपण येता-जाता पाहतो. पण घाट बांधून गाव पोट भरत नाही. माईंनी विणकर बोलावले. सुरतेकडून आणि इतर ठिकाणांहून साळी-कोष्टी येऊन वसले, त्यांना आश्रय मिळाला, आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाईक तयार मिळाले. येणाऱ्या-जाणाऱ्या सन्मान्य पाहुण्यांना देण्याची लुगडी, पागोटी दरबार याच मागांवरून घेई. पुण्याच्या कौलात जी गोष्ट नव्हती ती इथे आहे. कर माफ करून थांबले नाहीत, विकत घेण्याचीही हमी दिली.

आणखी एक. बेवारस सावकार मेला की त्याची दौलत सरकारजमा करायची, विधवेला दत्तक घ्यायचा तर नजराणा उकळायचा, ही त्या काळची चाल. अहिल्यामाईंनी ती चालू दिली नाही, असे जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्यानेही नोंदवून ठेवले आहे. आपल्या मागे बायकोच्या तोंडचा घास कोणी काढणार नाही, एवढी खात्री असली की सावकार त्या गावात पैसा ठेवतो. नाहीतर तो रातोरात दुसऱ्या संस्थानात जातो.

१८१८ नंतर होळकरांची राजधानी इंदूरला गेली आणि महेश्वरचे माग हळूहळू थंडावले. दरबार हेच गिऱ्हाईक, ते गेले. हा दोषही लक्षात ठेवा. एका गिऱ्हाइकावर उभी राहिलेली पेठ त्या गिऱ्हाइकाबरोबर बसते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विणकर दुसऱ्या कामांना लागले होते. मग १९७८-७९ च्या सुमारास होळकर घराण्यातल्या रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी रेहवा सोसायटी नावाची संस्था काढली. थोडे सरकारी अनुदान, थोडा घराण्याचा आधार, आणि गावातल्या विणकर बायका. मोजक्या मागांवर सुरुवात केली. नवा माल मोठ्या शहरांत नेऊन विकला आणि एका दरबाराच्या जागी हजार गिऱ्हाइके शोधली. आज महेश्वरच्या गल्लीतून जाताना घराघरांतून मागाचा आवाज येतो. त्या साड्या आपल्या लेकी-सुना लग्नकार्यात नेसतात.

पुन्हा पुण्याला येऊ, कारण मंडईची गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

इंग्रजी अमलात शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भाजीचा बाजार उघड्यावर भरत असे. नगरपालिकेने त्यासाठी मोठी दगडी इमारत बांधायचे ठरवले. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. त्यांनी या खर्चाला विरोध केला. एवढा पैसा इमारतीत घालण्यापेक्षा लोकांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे. ते स्वतः फुलांचा आणि भाजीचा व्यापार जाणणारे गृहस्थ. बाजार त्यांना नको होता असे कोण म्हणेल? पैसा आधी कशात घालायचा, एवढाच त्यांचा प्रश्न होता. इमारत झालीच. १८८६ मध्ये रे मार्केट या नावाने, त्या वेळच्या गव्हर्नराच्या नावाने, ती उघडली. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत आले आणि त्यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले. ज्याने नको म्हटले त्याचेच नाव! काही जण याला विनोद म्हणतात. मला तो पुण्याचा चांगुलपणा वाटतो. ती मंडई मात्र चालली, हेही खरे. ती उभी राहिली ती भर वस्तीत, शुक्रवार पेठेत, जिथे गिऱ्हाईक पायी येते, आणि भोवती गाळेवाल्यांबरोबर खाली पाटी घेऊन बसणाऱ्या बायकांनाही जागा उरली. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात घाऊक बाजार गुलटेकडीला नेला तरी मंडई उठली नाही.

आता आपल्या काळाकडे. आमच्या तालुक्याच्या गावी जुनी पेठ देवळापासून वेशीपर्यंत होती. तिथे पालिकेने, कोणत्या ते सांगत नाही, बाजारकट्टा पाडून तीन मजली व्यापारी संकुल बांधले. गाळ्यांचा लिलाव झाला. अनामत रक्कम इतकी की कट्ट्यावर चाळीस वर्षे बसणारा कासार, मीठ-मसाल्याची म्हातारी, सुतळीवाला, यांच्यापैकी कोणी तिच्या जवळपासही पोचले नाही. ज्यांनी गाळे घेतले त्यांतल्या बऱ्याच जणांनी ते गुंतवणूक म्हणून घेतले आणि शटर ओढून ठेवले. आठवडी बाजार गावाबाहेरच्या रस्त्यावर गेला. संध्याकाळी देवळात हरिपाठाला माणसे यायची ती बाजार उरकून यायची. बाजार लांब गेला, तशी हरिपाठाची टाळही कमी झाली. तिथे पैसा कमी पडला नाही. संकुलाला पैसा पुष्कळ लागला. कोणी कोणाला कौल दिला नव्हता, एवढेच.

म्हणून पंढरीविषयी बोलणे भाग आहे. मंदिराभोवतीचा परिसर मोकळा करावा, कॉरिडॉर करावा, अशी चर्चा गेली काही वर्षे चालू आहे आणि तिथले व्यापारी व रहिवासी धास्तावले आहेत. आषाढीची गर्दी तुम्ही-आम्ही अंगावर घेतली आहे. महाद्वारापाशी माणूस पडला तर उठणे कठीण. त्यामुळे रस्ता रुंद करूच नका, असे मी म्हणणार नाही. वृद्ध वारकऱ्याचा जीव गुदमरतो त्यापुढे चार भिंतींची मातब्बरी नाही. पण प्रदक्षिणा मार्गावरचा बुक्केवाला, तुळशीच्या माळा ओवणारी बाई, चुरमुरे-बत्ताशांचे दुकान, टाळ-वीणा दुरुस्त करणारा, घोंगड्या विकणारा, हे काय अडगळ आहेत? बुक्क्याची पुडी आणि माळ घेतल्याशिवाय आपल्यापैकी कोणाची वारी घरी पोचली आहे? त्यांच्यात पक्क्या घराचा मालक असेल त्याला मोबदला मागता येतो. त्याच्या पायरीवर पिढ्यान्‌पिढ्या भाड्याने बसणाऱ्याचे नाव मात्र कोणत्याच सातबाऱ्यावर नसते.

अशांसाठी देशात एक कायदा झालेला आहे आणि वारकऱ्यांपैकी फार थोड्यांना तो माहीत आहे. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा २०१४ चा कायदा. तो म्हणतो, आधी विक्रेत्यांची पाहणी करा, ती होईपर्यंत कोणाला उठवू नका. प्रत्येक नगरात पथविक्रेता समिती नेमा आणि तिच्यात निदान शंभरात चाळीस सभासद स्वतः विक्रेत्यांतून निवडून आलेले असू द्या, त्यांत एक तृतीयांश बायका. आणि जिथे पन्नास वर्षांहून अधिक काळ पथविक्रेते बसत आले आहेत असा नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावा व तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असेही त्याच्या परिशिष्टात आहे. मला हे वाचताना शेटे-महाजनांची आठवण झाली. तागडीची निशाणी असलेला माणूस निवाड्याला बसलाच पाहिजे, हीच ती जुनी गोष्ट, आणि या वेळी वतनाशिवाय, जातीशिवाय. पन्नास वर्षे म्हणता? पंढरीच्या माळवालीला ती सिद्ध करायला कोणता कागद लागेल? आपणच तिचे साक्षीदार आहोत. तिच्या सासूकडून आपल्या वडिलांनी माळ घेतलेली आपण पाहिली आहे.

योजना करणाऱ्यांना विचारायचे ते जुन्या कौलातलेच आहे. काम चालू असताना ही माणसे कोठे बसतील? परत आणणार असाल तर जागा कोणती आणि किती हाताची? भाडे पहिल्या वर्षी किती, पाचव्या वर्षी किती? अनामत लागणार का? आणि हे सगळे पहिली भिंत पाडण्याआधी, लेखी, सही-शिक्क्याने मिळणार का? दिंडीप्रमुखांनी आणि फडकऱ्यांनी हे प्रश्न विचारले तर त्यांना वजन येईल, कारण बाजारात गिऱ्हाईक म्हणून येतो तो आपणच. महेश्वरात दरबार होता तसा पंढरीच्या पेठेचा दरबार म्हणजे वारकरी.

तेव्हा या आषाढीला एक करा. नाना पेठेत किंवा भवानी पेठेत ज्यांच्या फळीवर झोपाल त्यांना त्यांच्या दुकानाची साल विचारा. त्यांचे आजोबा कोठून आले, जागा कशी मिळाली, घाऊक बाजार गेल्यावर कसे तगले, ते सांगतील. पंढरीत पोचल्यावर दर्शन झाले की आपल्या नेहमीच्या बुक्केवाल्याच्या पायरीवर थोडे टेका. त्या कायद्याची प्रत पिशवीत असू द्या आणि परिशिष्टातले ते पन्नास वर्षांचे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवा. माळवाल्या बाईलाही हाक मारा, म्हणजे तीही ऐकेल.

रामकृष्णहरि.